एएसओ नॉर्मल आला, मग इंजेक्शन बंद करावे का?

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलीला दीड वर्षापूर्वी ताप येऊन आधी गुडघा सुजला आणि तो उतरतो न उतरतो तोच घोटा सुजला. रुमॅटिक फीव्हरचे निदान झाले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या मायट्रल झडपेतून थोडी गळती दिसली. तेव्हापासून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू आहे. आता इको आणि एएसओ ही रक्ततपासणी दोन्ही नॉर्मल आहेत. सुई टोचताना ती फार रडते आणि सासूबाई म्हणतात, आता पुरे. बंद करावे का? धाकट्या मुलालाही हे द्यावे लागेल का?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इंजेक्शन बंद करू नये. एएसओ वाढलेला असणे म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग अलीकडे होऊन गेला, एवढेच. शाळकरी मुलांमध्ये घसा दुखून गेल्यावर तो वाढतो आणि काही महिन्यांत आपोआप उतरतो. म्हणून नुसत्या एएसओवरून रुमॅटिक फीव्हर ठरवू नये, आणि तो उतरला म्हणून इंजेक्शनही थांबवू नये. केवळ पाय दुखतात आणि एएसओ वाढला आहे, एवढ्यावर मुलांना वर्षानुवर्षे सुया टोचणे मला अन्यायाचे वाटते. परंतु आपल्या मुलीचे तसे नाही. एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी सूज आणि हृदयाचा दाह ही जोन्स निकषांतली, म्हणजे रुमॅटिक फीव्हर ठरवण्याच्या ठरलेल्या कसोट्यांतली, दोन प्रमुख लक्षणे तिच्यात होती.

हे इंजेक्शन झालेल्या आजारावरचे नसून पुढच्या घसादुखीवरचे आहे. या जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते; हाच रुमॅटिक फीव्हर. ज्या मुलाला एकदा असे झाले त्याला पुन्हा होण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त असतो, आणि दर खेपेला झडप अधिक बिघडते. सांधे पूर्ववत होतात, पण एकदा आकसलेली झडप औषधाने सुटत नाही. हृदयाला दाह होऊन तो पुरता बरा झाला असेल, तर किमान १० वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यांतील जे नंतर येईल तोवर इंजेक्शन द्यावे. आपल्याकडील अनेक तज्ज्ञ २५ व्या वर्षापर्यंत देतात.

स्नायूत साठलेले बेंझाथिन पेनिसिलिन हळूहळू रक्तात उतरते आणि चौथ्या आठवड्यात त्याची मात्रा बरीच घटते. त्यामुळे परीक्षा किंवा लग्नसराई आड येत असेल, तर इंजेक्शन दोन दिवस आधी घ्यावे, नंतर नव्हे. वेदना कमी करण्यासाठी त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध मिसळता येते. ते डॉक्टरांना जरूर विचारावे. मध्येच तिचे अक्षर एकाएकी बिघडले, हातातून पेला निसटू लागला किंवा चेहरा वेडावाकडा होऊ लागला, तर तिला हट्टी समजून रागावू नये. हे कोरिया नावाचे याच आजाराचे लक्षण असू शकते.

धाकट्याला इंजेक्शनाची गरज नाही. मात्र खोकला-सर्दी नसताना ताप, घसादुखी आणि गळ्याशी दुखऱ्या गाठी आल्या, तर त्याला लगेच दाखवावे. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सुरू केल्यास रुमॅटिक फीव्हर टळतो. तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेला १० दिवसांचा कोर्स पुरा करावा.