बंड की उठाव?

प्रिय सई,

शाळेत तुला वॉट टायलरवर, म्हणजे १३८१ साली इंग्लंडमध्ये उठलेल्या रयतेच्या पुढाऱ्यावर, पाच मिनिटं बोलायचंय. तू 'बंडखोरांचा म्होरक्या' लिहिलंस, आजोबांनी ते खोडून 'उठावाचा पुढारी' केलं. मराठीत एवढा फरक का करतात, असं तू विचारलंस.

फरक आहे तो बोलणारा कोण, याचा. ज्याची सत्ता झुगारली जाते तो म्हणतो बंड. रयत उठली असं ज्याला वाटतं तो म्हणतो उठाव. सत्तावनच्या लढ्यालाही आधी सर्रास बंडच म्हणत. पुण्यातच खडकमाळ आळीत उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला फाशी दिलं. कंपनी सरकारच्या लेखी ते बंडखोर आणि दरोडेखोर, आपण त्यांना आद्य क्रांतिवीर म्हणतो. 'म्होरक्या' मात्र काढच, तो टोळीचा असतो.

आता टायलर. पोल टॅक्सला 'मतदान कर' लिहू नकोस, आपला शब्द आहे डोईपट्टी. घरपट्टी घर बघून बसते, ही डोकी मोजून. १३७७ मध्ये ती माणशी ४ पेन्स होती. १३८० च्या अखेरीस मंजूर झालेली तिसरी पट्टी १२ पेन्सांची, १५ वर्षांवरच्या सगळ्यांना. लोकांनी घरातली माणसं लपवली, म्हणून वसुलीला पुन्हा अधिकारी पाठवले आणि १३८१ च्या मे अखेर एसेक्स परगण्यात ठिणगी पडली, केंट परगणाही उठला आणि लोक लंडनवर चालून गेले. राग जुनाच होता. १३४८ च्या प्लेगनंतर मजूर कमी उरले, मजुरी वाढायला लागली, तर १३५१ च्या कायद्यानं ती प्लेगपूर्वीच्या दरावर बांधून टाकली.

उठलेल्या लोकांनी जमीनदारांची दप्तरं जाळली, हे नक्की सांग. कुळावर कोणती वेठ आहे, ते त्या कागदांत होतं. १२ मे १८७५ ला आपल्या पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडून खतं आणि कर्जरोखे हिसकावून जाळले, तेही याच कारणानं. इंग्रजांनी त्याला नाव दिलं 'दख्खनचे दंगे'. दंगा हा तिसरा शब्द. त्यात मागणी काय होती ते दिसतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ उठाव फसला कसा, याला दे. राजा दुसरा रिचर्ड तेव्हा १४ वर्षांचा होता. लोकांची घोषणा होती, 'राजा रिचर्ड आणि खरी रयत'. म्हणजे राजा आपला, कारभारी वाईट. म्हणून 'राजाविरुद्धचं बंड' हे तुझं शीर्षक पुरतं खरं नाही. १४ जूनला लंडनबाहेर माइल एंडला राजानं वेठ रद्द केल्याच्या सनदा लिहून द्यायला कारकून बसवले. एसेक्सचे बरेच लोक सनद घेऊन घरी गेले आणि जमाव निम्म्यावर यायला लागला. त्याच दिवशी दुसऱ्या गटानं लंडनच्या टॉवर किल्ल्यात शिरून राजाचा मुख्य कारभारी आर्चबिशप सडबरी याला पकडलं आणि त्याचं डोकं उडवलं, हेही लपवू नकोस.

दुसऱ्या दिवशी लंडनजवळच्या स्मिथफील्ड मैदानात टायलर आपल्या लोकांना मागं ठेवून राजाजवळ गेला. बाचाबाची झाली, लंडनचा मेयर वॉलवर्थ यानं त्याच्यावर वार केला. लांब उभ्या लोकांना नीट कळायच्या आत राजा घोडा पुढं घालून म्हणाला, तुमचा पुढारी मीच, आणि त्यांना क्लार्कनवेलच्या मैदानाकडे घेऊन गेला. टायलरच्या जागी उभा राहील असा दुसरा माणूस तिथं नव्हता. २ जुलैला सनदा रद्द.

टायलर म्हणजे कौलं घालणारा. आणि मराठीत कौल म्हणजे छपराचं कौल, तसंच सरकारनं दिलेलं अभयवचनही. माइल एंडला मिळाला तो कौलच. मुलांना तुझ्या भाषणातलं बाकी काही नाही तरी एवढं लक्षात राहील, म्हणून हे सनदांच्या वाक्याला जोडूनच घे.

दोन्ही शब्द ठेव. दरबाराबद्दल बोलताना 'बंड', केंट आणि एसेक्सच्या माणसांबद्दल बोलताना 'उठाव'. आजोबांना वाचून दाखव, घड्याळ लावून. पाच मिनिटांपेक्षा जास्त झालं तर प्लेगचं वाक्य काढ, दप्तरं जाळल्याचं नको.

तुझी,
आई