परतीच्या वाटेवरची रडारड

"दर रविवारी मुलांना बाहेर नेतो आणि दर रविवारी परतताना गाडीत रडारड. हल्लीच्या मुलांना निसर्गाची गोडीच नाही का?" हे गाऱ्हाणं घेऊन बरेच आईबाबा माझ्याकडे येतात. त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची. खरं सांगायचं तर मीही आधी मोबाईलवरच संशय घेतला होता. मग बाबांना म्हटलं, "मागचा रविवार घड्याळ लावून सांगा." सकाळी बाग, तिथून शेत, दुपारी निसर्ग केंद्र आणि संध्याकाळी फुटबॉलची मॅच! ऐकतानाच मी दमले. बागेत मुलगी मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसली होती. एक मुंगी कुठल्याशा किड्याचा पंख ओढत चालली होती. "चल, अजून खूप बघायचंय," म्हणत बाबांनी तिला उठवलं. पहिली कुरकुर तिथे झाली. मोबाईल तिने मागितला तो शेवटी, मॅचच्या उत्तरार्धात.

पोरीला निसर्गाची गोडी होतीच की. तिच्या मुंग्या आमच्या यादीत नव्हत्या, एवढंच.

मुलाला एकट्याला विचारलं, "त्या दिवसातलं काय आठवतं?" तो म्हणाला, "बाबा गाडीत ओरडले ते." शेतातली वासरं, मध्यंतराआधीचा गोल, कशाचंच नाव नाही.

यावर मी आईबाबांना 1993 सालचा एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, पण त्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. पुन्हा एकदा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला प्रकार निवडला. का, तर शेवट जरा सुसह्य होता. सहल म्हणजे काही थंड पाण्याची शिक्षा नव्हे, पण शेवटाचं पारडं आठवणीत असंच जड होतं.

आईची काळजी वेगळी होती. "कमी फिरलो तर मुलांना निसर्ग पुरेसा मिळेल का?" 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते, आणि तो वेळ सलग होता की तुकड्या-तुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. मुलांना हे मोजमाप जसंच्या तसं लावता येणार नाही. पण दिवसभराची वरात काढायची गरज नाही, एवढं त्यांना पटलं.

मग ठरलं असं: एका दिवशी एकच ठिकाण. निघायची वेळ मुलांना आधीच सांगायची आणि ती कुरकुर सुरू होण्याआधीची असायची. शेवटची 15 मिनिटं काय करायचं ते मुलं ठरवणार. मॅचचं मात्र बाबांच्या पचनी पडेना. "तिकीट काढून मध्यंतरातच उठायचं?" मी म्हटलं, "धाकटीसाठी 45 मिनिटं ही पूर्ण मॅचच आहे. पूर्ण 90 मिनिटं बघायची तर थोरल्याला एकट्याला न्या." तसं त्यांनी केलं. बापलेकांना तो दोघांचाच वेळ फार आवडला म्हणे.

चौथ्या भेटीत बाबा सांगत होते, "निसर्ग केंद्रात आतलं दालन राहूनच गेलं. शेवटच्या 15 मिनिटांत हिला बाहेरचं वारूळच बघायचं होतं. घरी पोहोचेपर्यंत मुंग्यांवरच बोलत होती."

"आणि तुम्ही?"

"मी?" ते ओशाळून हसले. "मी आरशात बघत होतो, त्या दालनात काय असेल याचा विचार करत."