यूकेमध्ये खासगी पार्किंगची १०० पौंडांची नोटीस आली आहे. अपील करावं की ६० पौंड भरून मोकळं व्हावं?

तुम्ही लिहिलंय की रेडिंगमधल्या सुपरमार्केटच्या आवारात दोन तासांची मर्यादा होती, कॅमेऱ्याने २ तास २३ मिनिटं धरली, १४ दिवसांत भरले तर ६० पौंड नाहीतर १००, आणि मित्र म्हणतो, "फाडून टाक, काही होत नाही." मित्राचा सल्ला जुना झालाय. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टनंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये चालक कोण होता ते कळलं नाही, तरी अटी पाळणारी कंपनी गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडून, पैसे मागू शकते. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे कलम लागू नाही.) "तेवीस मिनिटांचे १०० पौंड कसले? त्यांचं नुकसान किती झालं?" हा मुद्दाही चालणार नाही. २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५६ मिनिटं जास्त थांबल्याचे ८५ पौंड योग्य ठरवले. अपिलात हा युक्तिवाद दिसला की उत्तर ठरलेलं असतं.

आधी नोटीस कौन्सिलची नाही ना, हे पाहून घ्या. कौन्सिलच्या दंडाचे नियम वेगळे आहेत आणि पुढचं काहीच त्याला लागू होत नाही. खासगी कंपनीची असेल तर तो कायद्याने दंड नाही, कराराचा भंग केला म्हणून केलेली पैशांची मागणी आहे. लायसन्सवर पॉइंट पडत नाहीत.

मग अपिलाच्या आधी दुकान गाठा. तुम्ही तिथे खरेदी केली असेल तर पावती किंवा बँक स्टेटमेंटमधली ती ओळ घेऊन मॅनेजरला भेटा, जमलं नाही तर मुख्य कार्यालयाला लिहा. पार्किंग कंपनी दुकानाने नेमलेली असते, त्यामुळे दुकानाच्या एका ईमेलवर नोटीस रद्द होऊ शकते. माझ्या मते सगळ्यांत सोपा मार्ग हाच. मात्र पहिल्या आठवड्यातच जा. प्रकरण वसुलीवाल्यांकडे गेलं की दुकान हात वर करतं.

आता तारखा. काचेवर काहीच लावलं नसेल आणि थेट पोस्टाने नोटीस आली असेल, तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत ती कीपरला पोहोचायला हवी. टाकायला नव्हे, पोहोचायला. पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ती पोहोचली असं कायदा धरतो, शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून. समजा गाडी सोमवारी ३ मार्चला उभी होती. मोजणी ४ तारखेला सुरू, मुदत १७ मार्चला संपली. पत्र शुक्रवारी १४ मार्चला पोस्टात पडलं तर ते मंगळवारी १८ मार्चला पोहोचलं असं धरलं जाईल. एक दिवस उशीर, आणि कीपरवरची जबाबदारी गेली. उरतो फक्त चालक.

म्हणूनच कंपनीची तारीख चुकलेली असेल तर "मी थांबलो होतो" हे वाक्य अपिलात येता कामा नये. प्रश्नात तुम्ही ते लिहून टाकलंय, तेवढं पुरे. "या गाडीचा नोंदणीकृत कीपर म्हणून लिहीत आहे" अशी सुरुवात करा आणि पुढे "गाडी आत आली", "गाडी बाहेर पडली" असंच लिहा. कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये "तुम्ही चालक होता का?" हा रकाना असतो, तिथे घाईत बरेचजण फसतात. चालकाचं नाव खासगी कंपनीला सांगायचं कायदेशीर बंधन नाही. खोटं मात्र लिहू नका. गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं.

नोटीस वेळेत आली असेल तर मुद्दे निराळे. ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दोन्ही पार्किंग संघटनांच्या सध्याच्या आचारसंहितेनुसार वेळ संपल्यावर निघायला किमान १० मिनिटं द्यावी लागतात. तुमच्या २३ मिनिटांतली त्याने १० जातील, १३ उरतील, म्हणजे एवढ्यावर सुटका नाही. पण कॅमेरा गाडी फाटकातून आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ टिपतो, उभी असण्याची नाही. जागा शोधण्यात किंवा बाहेर पडायच्या रांगेत वेळ गेला असेल तर पुरावा जोडा. एकाच दिवशी दोनदा गेला असाल तर हेही तपासा, की पहिलं येणं आणि दुसरं जाणं जोडून एकच मुक्काम दाखवलाय का. हा घोळ नेहमीचा आहे. पाटी प्रवेशाजवळ आहे का, रात्री उजेड पडतो का, १०० पौंडांचा आकडा ठळक आहे का, याचे फोटो लगेच काढून ठेवा, कारण पाट्या बदलतात. ज्यांना मशीनवर गाडीचा नंबर टाकायचा असतो त्यांच्यासाठी: एखादं अक्षर चुकलं आणि पैसे भरलेले असतील, तर नोटीस रद्द व्हायला हवी.

पार्किंग कंपनीकडेच करायचं हे पहिलं अपील फुकट आहे. सवलतीच्या १४ दिवसांत केलंत तर फेटाळल्यावरही बहुधा ६० पौंडांचा पर्याय पुन्हा मिळतो. म्हणून तुम्ही विचारलेला निर्णय आत्ता घ्यायचाच नाही, नकाराचं पत्र आल्यावर घ्यायचा.

तेव्हा कंपनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे ते पाहा. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर पुढचं अपील पॉप्ला या अपील ऐकणाऱ्या संस्थेकडे, २८ दिवसांत. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएस या तशाच संस्थेकडे, २१ दिवसांत. (आपल्याकडच्या कलेक्टरसाहेबांशी याचा संबंध नाही!) निकाल तुमच्या विरोधात गेला तरी तो तुमच्यावर बंधनकारक नसतो, पण ६० ची सवलत साधारणपणे हातची जाते. "आईला बरं नव्हतं", "मूल रडत होतं" यावर तिथे नोटीस रद्द होत नाही. उशिरा आलेली नोटीस, वाचता न येणारी पाटी, जागेच्या मालकाशी कंपनीचा चालू करार असल्याचा पुरावा मागणं, हे चालतं. माझा हिशेब असा: यातला एक तरी मुद्दा कागदावर दाखवता येत असेल तर पॉप्लाकडे जा. आयएएसकडे जायचं असेल तर मुद्दा आणखी भक्कम हवा. हातात फक्त चुकचुक असेल तर ६० भरा आणि विषय संपवा.

गाडी भाड्याची किंवा कंपनीच्या लीजची असेल तर थांबा. तुमच्या नावाने आलेल्या नोटीशीसोबत भाडेकराराची प्रत आणि तुम्ही सही केलेलं जबाबदारीचं निवेदन जोडणं पार्किंग कंपनीला बंधनकारक आहे. पुष्कळदा ते जोडलेलं नसतं, आणि तेवढाच मुद्दा पुरतो.

न भरता बसलात तर वसुली कंपन्यांची लाल अक्षरांतली पत्रं येतील, ७० पौंड वर चढवून. त्यांना दार ठोठावून वस्तू नेण्याचा अधिकार नाही, ते बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे, नव्हेत. ती पत्रं जपून ठेवा, घाबरू नका. पण "लेटर बिफोर क्लेम" (दावा लावण्याआधीचं इशारापत्र) आलं तर ३० दिवसांत उत्तर द्या, आणि काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर तो एक दिवसही पडू देऊ नका. तोपर्यंत रक्कम कोर्ट फी आणि वकिलाचा ठरीव खर्च धरून अडीचशे पौंडांच्या घरात गेलेली असते. उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा तुमच्याविरुद्धचा निकाल, लागतो. निकालापासून महिन्याभरात पैसे भरले तर नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते आणि घराचं कर्ज मागायला गेल्यावर समोर येते.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे बहुतेक एकाच कारणाने होतं: भाड्याचं घर बदललं, पण गाडीच्या व्ही५सी वर (नोंदणीच्या कागदावर) जुनाच पत्ता राहिला. पार्किंग कंपनी पत्ता डीव्हीएलए या सरकारी वाहन नोंदणी खात्याकडूनच घेते, त्यामुळे नोटिसा तिकडेच जात राहतात. पत्ता ऑनलाइन बदलता येतो, पैसे लागत नाहीत. वाद चालू असताना घर बदललंत तर डीव्हीएलएसोबत पार्किंग कंपनीलाही नवा पत्ता ईमेलने कळवा, आणि महिनाभर भारतात जाणार असाल तर पत्रं उघडून फोटो पाठवेल असं कुणीतरी शेजारी नेमून जा.