उन्हात काळा होणारा चष्मा

प्रश्न : काका, मी बुटीबोरीला बांधकामावर सुपरवायझर आहे. दिवसभर ऊन-शेड, ऊन-शेड. ग्राइंडरचे कण उडतात. आपोआप काळा होणारा चष्मा घेऊ का? मोटरसायकलवरही चालेल?

उत्तर : भाऊ, जरूर घ्या, पण काय घेता ते पारखून. या काचा मुख्यतः अतिनील किरणांनी काळ्या होतात. म्हणून हेल्मेटची काच खाली असली किंवा कारमध्ये बसलात, की त्या बऱ्याचदा फिक्याच राहतात. हेल्मेटची आणि कारची काच हे किरण अडवते.

आपली खरी अडचण उकाड्याची. काचेतला रंग तापला की लवकर उतरतो. नागपुरात सीताबर्डीच्या चष्म्याच्या दुकानात मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, लोक माझ्याकडे येऊन म्हणत, "काच खराब निघाली." तीच काच डिसेंबरच्या उन्हात गडद व्हायची! त्यामुळे उन्हाळ्यासाठी कायम गडद असलेला दुसरा चष्मा ठेवाच.

शेडमध्ये शिरताना मात्र फार जपा. काच काळी होते मिनिटभरात, पण उजळायला कित्येक मिनिटं लागतात. शिडीवर लगेच चढू नका, दाराशी थांबा.

कणांसाठी पॉलिकार्बोनेटचीच (मजबूत प्लॅस्टिकची) काच हवी, बाजूंनी झाकलेली, यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारी) लिहिलेली आणि सुरक्षा चष्मा म्हणून प्रमाणित. रंग बदलतो म्हणजे मार सोसतो, असं नाही. आणि वेल्डिंगकडे या चष्म्यातून बघू नका, त्याला वेल्डिंगचीच काच लागते.