वहीच्या कडेला लिहिलेले ८९

मुलुंडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला आहे. मित्रांबरोबर कृष्णविवरं, पल्सार यांवर हेवी मेटलचा अल्बम करतोय. सहामाहीत गणितात जेमतेम पास झाला, म्हणून वडिलांनी गिटार कपाटात कुलूपबंद केली. ‘याचं पुढे कसं होणार?’ असं त्या विचारतात.

ताई,

गाण्यांच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवलात, फार बरं केलंत. ‘कडेला कसले आकडे आहेत कोण जाणे’ असं तुम्ही लिहिलंय. मी त्या आकड्यांवरच थांबलो. १६८ × ४ = ६७२, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेले ८९.

वेला पल्सार म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो ८९ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. ड्रमवर मिनिटाला १६८ ठोके धरून एकेका ठोक्यात चार फटके मारले, की मिनिटाला ६७२ फटके होतात आणि दोन फटक्यांतलं अंतर तेवढंच येतं. टेम्पोवरून ड्रमरशी होणाऱ्या ज्या भांडणांना तुम्ही कंटाळलात, ती यासाठी चालली होती. कुणी न सांगता हे गणित मांडणाऱ्या मुलाला गणित येत नाही, हे मला पटत नाही. त्याचा पेपर सोडवायचा सराव कमी पडतोय, आणि तो त्याला करावाच लागेल. सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास गणित, रिहर्सल फक्त शनिवार-रविवार, हे त्याच्याशी बोलून ठरवा.

बारावीनंतर ‘नेस्ट’ या प्रवेश परीक्षेतून कलिनाच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्थेत पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी करता येतं, म्हणजे घरी राहून. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षाही द्यावी. पुढे पीएचडी धरली तर वाट लांब आहे, पण त्या काळात फेलोशिप मिळते, हे त्याच्या बाबांना जरूर सांगा.

मला काळजी आहे ती वेगळी. खगोलशास्त्रात दिवसचे दिवस कॉम्प्युटरवर डेटा साफ करण्यात जातात. ते त्याला रुचेल का, हे आत्ताच पाहायला हवं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला त्याला घेऊन जा आणि तिथल्या संशोधकांना त्यांचा दिवस कसा जातो ते विचारू द्या.

गिटार आजच बाहेर काढा. आणि ते ८९ काय आहेत, हे बाबांनी त्याच्याकडूनच समजून घेऊ दे.