‘चरबीतील हार्मोन्स कर्करोगाचा फैलाव करतात’: हे वाक्य असं लिहावं का?

प्रश्न असा आला आहे. नागपुरातल्या एक ताई कर्करोगाच्या रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करताहेत. वर दिलेलं वाक्य त्यांचं. त्यांच्या आईंवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. आईंनी कच्चा मजकूर वाचला आणि विचारलं, ‘‘मंग मीच खाऊन खाऊन आणलं काय वं हे?’’ ताई विचारतात, चरबी म्हणू, मेद म्हणू की वसा? हार्मोन की संप्रेरक? फैलाव की प्रसार?

ताई, आईंच्या प्रश्नापासूनच सुरू करते. तुमच्या वाक्यात ‘खाणे’ हे क्रियापद कुठेच नाही, तरी त्यांना ते ऐकू आलं. ते ‘चरबी’तून आलं आणि ‘-तील’मधूनही आलं.

चरबी हा फारसीतून आलेला शब्द. मराठीत त्याला भलताच अर्थ चिकटला. ‘चरबी चढलीय’, ‘चरबी उतरवतो’ हे आपण माजलेल्या माणसाबद्दल बोलतो. नागपूरच्या बर्डीवर गाडीला गाडी घासली की ‘चर्बी आली का बे अंगात?’ ठरलेलंच. कौतुकाच्या जागी मात्र हा शब्द येत नाही. बाळ बाळसं धरतं, आजारातून उठलेला माणूस अंग धरतो, मुलीचं कौतुक झालं की आईच्या अंगावर मूठभर मांस चढतं. तिथे चरबी कोणी म्हणत नाही. आजारी बाईच्या हातातल्या कागदावर हा शब्द आला की तिला तो आरोपासारखा लागणारच.

‘-तील’चा घोटाळा वेगळा. ‘दुधातील कॅल्शियम’, ‘संत्र्यातील जीवनसत्त्व’ अशी सवय असलेल्या वाचकाला ‘चरबीतील हार्मोन’ म्हणजे तुपातलं, सावजी रश्श्यावरच्या तर्रीतलं काहीतरी वाटतं. मूळ गोष्ट आहे आपल्याच शरीरातल्या ऊतीची, म्हणजे एकसारख्या पेशींच्या समूहाची. ती ऊती हार्मोन तयार करते आणि रक्तात सोडते. म्हणून ‘-तून’ हवं, आणि जोडीला ‘स्रवणारी’ हवं.

मग मेद का? आयुर्वेदातल्या सात धातूंत रस, रक्त, मांस यांच्यानंतर मेद चौथा. धातू म्हणजे शरीर धरून ठेवणारं. सुश्रुताने मेदाची कामं सांगितली आहेत: स्निग्धता, घाम, दृढता, हाडांचं पोषण. म्हणजे हा शब्द काम करणाऱ्या अवयवासारखा वापरायची सोय आपल्याकडे जुनीच आहे. आधुनिक वैद्यकाने मेदाला बरीच वर्षं नुसतं कोठार मानलं. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनचं जनुक शोधलं आणि ते चित्र पालटलं. लेप्टिन हे नाव ग्रीक ‘लेप्टोस’वरून, म्हणजे सडपातळ. पण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्त असतं. मेंदू त्याला दाद देत नाही, एवढंच. (यासाठी जोडाक्षरी संज्ञा शोधू नका. ‘दाद न देणे’ यात सगळं आलं.)

वसा रसायनशास्त्रात ठीक आहे, मराठी विश्वकोशात ‘तेले व वसा’ असं सापडेल. पण तुमच्या आईंच्या वयाच्या बाईला वसा म्हटलं की श्रावणातल्या कहाण्या आठवतात, ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’. पत्रकात नको.

संप्रेरक हा शब्द मला फार आवडतो. 1905 मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ग्रीक क्रियापदावरून ‘हार्मोन’ हे नाव वापरात आणलं. त्या क्रियापदाचा अर्थ चालना देणे, चेतवणे. संप्रेरकात सम्, प्र आणि ईर् हा क्रियापदाचा धातू. ईर् म्हणजे हलवणे, चालना देणे. इतका नेमका जुळलेला पारिभाषिक शब्द क्वचित मिळतो. तरी पत्रकात पहिल्यांदा ‘हार्मोन, म्हणजेच संप्रेरकं’ असं लिहा आणि पुढे हार्मोनच ठेवा. ओपीडीच्या बाकावर सगळे तेच म्हणतात. विश्वकोशाच्या जुन्या खंडांत ‘हॉर्मोने’ असं अनेकवचन आहे. तुमचं ‘हार्मोन्स’ इंग्रजी आहे, त्यातला ‘स’ काढा.

इथे एक सूचना. पाळी गेल्यावर स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः मेदासारख्या ऊतींत, अॅरोमॅटेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) बनतं. लेट्रोझोलसारखी गोळी ते बनणं रोखते. तिला सगळे ‘हार्मोनची गोळी’ म्हणतात. मी माझ्या मावशीबरोबर एका रुग्णालयात बसले होते तेव्हा तिने गोळीची पट्टी उलटसुलट करून पाहिली, म्हणाली, ‘‘हार्मोननंच वाढते म्हणतात, अन् हार्मोनचीच गोळी देतात, कसं काय?’’ आणि पट्टी पिशवीच्या तळाशी घातली. पंधरा दिवस तिने ती घेतलीच नव्हती. तुमच्या पत्रकात ‘हार्मोन रोखणारी गोळी’ असंच लिहा.

आता क्रियापद. आईंनी ‘आणलं’ म्हटलं, म्हणजे रोग होणं. तुमचं वाक्य आहे रोग पसरण्याबद्दल. या दोन गोष्टी पत्रकात वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. होण्याबद्दल: जास्तीच्या मेदामुळे 13 प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये सांगितलं. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग त्यात आहे. धोका वाढतो, म्हणजे सडपातळ बायकांनाही तो होतो आणि बऱ्याच लठ्ठ बायकांना कधीच होत नाही. त्या यादीत तोंडाचा कर्करोग नाही. आपल्याकडे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी तोच घरोघरी, तेव्हा नुसतं ‘कर्करोग’ न लिहिता कोणता ते लिहा.

पसरण्याबद्दल ‘फैलाव’ आणि ‘प्रसार’ दोन्ही टाळा. फैलाव साथीचा होतो. वाचणाऱ्याला वाटेल, एकाचा दुसऱ्याला लागतो. ‘शरीरात दुसरीकडे पसरणे’ हे लांब आहे, पण स्वच्छ आहे.

आणि ‘करतात’ हे तर नकोच. लेप्टिन कर्करोगाच्या पेशींना वाढायला, जागा सोडायला, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, हे प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलं आहे. मेदातूनच येणारं अॅडिपोनेक्टिन हे हार्मोन बहुतेक प्रयोगांत उलट लगाम घालतं, आणि मेद वाढला की ते घटतं. म्हणजे एकाच ऊतीतून दोन्ही येतं. ‘मेद कर्करोग पसरवतो’ म्हणणं त्या निम्म्या गोष्टीवर अन्याय आहे. दुसऱ्या बाजूला, 2011 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की आतड्यांवर पदरासारखा पसरलेला मेदाचा जो पडदा असतो, ज्याला संस्कृतात वपा म्हणतात, त्यातल्या पेशी बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या पेशींना ओढून घेतात आणि वर त्यांना इंधन पुरवतात.

स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 जणींच्या नोंदी तपासून म्हटलं होतं की कर्करोगाच्या पेशी बियांसारख्या सगळीकडे पडतात, पण मानवणाऱ्या मातीतच रुजतात. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वापसा. पाऊस पडून काळी जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी पेरणीजोगी होते, तो वापसा. मेदातून स्रवणारे हार्मोन काही वेळा कर्करोगाच्या बियांसाठी वापसा आणतात. काटोल-सावनेरकडून उपचाराला येणाऱ्या शेतकरी बाईला हे एका दमात कळेल.

तर वाक्य असं करून पाहा: ‘शरीरातल्या मेदातून काही हार्मोन, म्हणजेच संप्रेरकं, स्रवतात. मेद फार वाढला की त्यांचं प्रमाण बिघडतं, आणि स्तनाच्या कर्करोगासारख्या काही कर्करोगांना शरीरात दुसरीकडे पसरायला त्यामुळे वाव मिळू शकतो.’

आईंना मात्र कागद देऊ नका. जवळ बसून सांगा, ‘‘नाही वं आई, तू नाही आणलं. बी कुठून आली ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. वापसा येऊ नये म्हणून ही गोळी आहे, अन् संध्याकाळी आपण दोघी अंबाझरीला फिरायला जाऊ.’’