आधी फळा लाव, बाकी नंतर

गोव्यात वेर्ण्याला सहा जणांची कंपनी काढलीस, ऐकून फार बरं वाटलं. पण पहिल्याच आठवड्यात स्क्रमचा, म्हणजे साधारण दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीचा, सगळा सरंजाम आणू नकोस. आधी भिंतीवर फळा लाव: करायचंय, चालू, झालं. 'चालू'च्या रकान्यात तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत, आणि हा आकडा मोडायचा नाही. टोयोटाच्या कारखान्यात अभियंता ताइइची ओनोंनी रुजवलेली कानबान पद्धत मुळात हीच: पुढच्याला लागेल तेवढंच मागच्यानं करायचं.

आम्ही मासळीच्या शीतपेटीसाठी तापमानमापक केला, तेव्हा आठ महिने कोणालाच दाखवला नाही. मग मडगावच्या एका विक्रेत्याकडे नेला. त्याचे हात सतत ओले, बर्फाने बधिर झालेले. आमची टचस्क्रीन त्याला चालेचना. पुठ्ठ्याचा नमुना घेऊन दुसऱ्या आठवड्यात गेलो असतो तर तेव्हाच कळलं असतं. तू तुझ्या गिऱ्हाइकांकडे जा, पहाटे, त्यांची घाई असते तेव्हाच. ते काय म्हणतात त्याहून त्यांचे हात काय करतात ते बघ.

प्लास्टिकचा साचा अशा दोन आठवड्यांच्या टप्प्यात होत नाही, हे खरं. म्हणून साच्याचे पैसे सगळ्यात शेवटी घाल, तोवर थ्रीडी प्रिंटवर भागव. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात काही पोचवायचं कबूल करू नकोस, माणसं घरी गेलेली असतात.